सत्तेचाळिसावी ओळ

तो शब्द मी इथे लिहिणार नाही.
कविता झाली म्हणून काय झालं,
हीसुद्धा एक उघडी फाइलच.

परळच्या रक्तपेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या उरल्या
हे विचारायला आमचा एक छोटा प्रोग्राम
रोज रात्री दोन दहाला उठतो,
पलीकडच्या सर्व्हरचं दार वाजवतो,
आकडे घेतो, परत झोपतो.
नऊ वर्षं. एक खाडा नाही.

विक्रोळीला, चौथ्या मजल्यावर,
जिथे ओहोटीला खाडीचा वास एसीतूनही येतो,
परवा मी तो पहिल्यांदा उघडून वाचला.
सत्तेचाळिसाव्या ओळीत
पत्त्याच्या पोटातच
धैर्यवान सरांचं नाव, दोन टिंबं, आणि मग
तो शब्द.

कुणाचं तरी घरात हाक मारायचं नाव असावं. पुढे साल.
एवढं सांगितलं तेही जास्तच.

पत्त्यात होता म्हणून लॉगमध्ये उतरला,
रोज एकदा, न चुकता.
तीन हजारांवर रात्री
यंत्र कुणाला तरी नावानं हाक मारत होतं
आणि कुणी ओ देत नव्हतं.

शगुफ्ता, तीन महिन्यांची ट्रेनी, म्हणाली,
ओळ पुसली मॅडम, झालं.
म्हटलं, थांब, जुन्या आवृत्त्या काढ.
मागची, तिच्या मागची, तिच्याही मागची,
प्रत्येकीच्या पदराला तीच गाठ.
मग बेस-चौसष्टमध्ये टाकू या?
अगं, तो उलटा घातलेला सदरा.
कुणीही सुलटा करतो.

मीटरच्या पेटीवर ठेवलेली चावी
अख्ख्या मजल्याला माहीत असते.
आज उचलून पर्समध्ये टाकलीस
म्हणून कोण विसरणार आहे?
कुलूप बदलायचं.

त्यात दिवस गेला.
रक्तपेढीच्या मालुष्टे बाईंना पटेना,
चालतंय ना सगळं? मग?
सहा वाजता त्यांनी नवं टोकन दिलं,
फक्त वाचण्यापुरतं, नव्वद दिवसांच्या आयुष्याचं.
ते कोडमध्ये नाही.
कोडमध्ये आहे फक्त त्याच्या जागेचं नाव:
तिथून घे,
सीलबंद वाटेनंच जा,
दार उघडलं नाही तर गप परत ये,
काहीही होवो, मोठ्यानं वाचू नकोस.

मग सरांना फोन लावला. माहीमला असतात,
मागे कुकरची शिट्टी.
सर, तो तुमचा जुना पासवर्ड काढला.
बराच वेळ काही नाही.
कुणी पाहिला?
मी. आणि एक मुलगी.
हं.
मग खाकरून, अगदी बारीक आवाजात,
बँकेलाही तोच आहे गं.

तासभर लागला.
आधी चष्मा सापडेना, मग पासबुक,
मग ओटीपी आला तो मलाच वाचून दाखवायला लागले.
नको सर, नको.
नवा शब्द सुचेना. दोनदा उठून पाणी प्यायले.
इतकी वर्षं बोटांना तोच एक माहीत.
बरं, हा कसा वाटतो बघ, आमच्या
सर, मला सांगू नका.
तुलासुद्धा?
मलासुद्धा.

ते थांबले. रागावले की काय, कळेना.
मग पलीकडे एकेक बटण, सावकाश,
जुन्या कीबोर्डचा टक् असा आवाज,
मधे एकदा खोडलं, पुन्हा पहिल्यापासून.

मी फोन कानापासून जरा लांब धरला.
खाली गेटवर वॉचमन बदलत होते.
मी मोजले नाहीत.